राहतं घर

प्रिय बिरू,

त्या सकाळी नळाला पाणी आलं होतं. आठवड्यानं आलेलं, म्हणून गल्लीभर भांडी मांडलेली. मी खाली पाइप धरून उभी, तू वर टाकीपाशी. मधेच ओरडलास, “आई, बंद कर, उतू चाललं!” मी ड्रम भरले, हंडे भरले आणि तुझा निळा शर्ट बादलीत बुडवायला घेतला. तू म्हणालास, तो नको धुऊ, वाळायचा नाय, तसाच नेतो. ओल्या पायांनी चपला घातल्यास आणि हार्वेस्टरवाल्यांच्या गाडीत बसून कर्नाटकात गेलास. गाडी वळेपर्यंत मी पाहत उभी राहिले नाही. पाणी जायच्या आत अजून घागरी भरायच्या होत्या. पुढच्या वेळी नळ आला तेव्हा तुझा फोन बंद लागत होता.

सुगी संपल्यावर तुझ्याबरोबरची पोरं परत आली. म्हणाली, मधेच एका गावात उतरला, दुसरं काम मिळालं म्हणाला. गावाचं नाव कुणालाच नीट सांगता येईना. मी पोलीस ठाण्यात तक्रार दिली. तुझा दहावीचा फोटो त्यांच्याकडं अजून असेल.

मी त्याच घरात आहे. तुझ्या वडिलांनी चिकलठाण्याच्या कंपनीत पाळ्या करून बांधलेल्या दोन खोल्या, पुढं अंगण. ते गेले तेव्हा तू नववीत होतास. घरावरचं त्यांचं नाव मी काढलं नाही. घरपट्टी ‘मुंजाबा’ नावानंच यायची आणि ती हातात घेतली की बरं वाटायचं, की कुठंतरी अजून त्यांच्या नावानं कागद निघतो.

तू गेल्याच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर तुझे सांडूकाका मेंढरं घेऊन खाली उतरले आणि नेहमीसारखे दोन रात्री आपल्या अंगणात थांबले. मी गिरणीत गेले होते. तेवढ्यात महापालिकेचा माणूस घरपट्टीच्या मोजणीला आला. इस्त्रीचा शर्ट, काखेत पिशवी. घर कुणाचं, खोल्या किती, मेंढरं कुणाची, असं विचारू लागला. काका त्या साली त्यांच्या पोराला, बन्सीला, पोरी बघत होते. त्यांना वाटलं, पोरीकडचा माणूस गुपचूप चौकशीला आलाय. मग काय विचारतोस. “लई मेंढरं हायेत आमची,” म्हणाले. “हे घर तर लोकर टाकायला अन् जनावरं बांधायला ठेवलंय. राहायचं घर गावाकडं हाय, दुमजली. इथं कोण राहतंय!” वर त्याला चहा पाजला आणि पोरगी किती शिकलीय ते विचारलं. तो हसत निघून गेला. मी पिठाचा डबा घेऊन आले तर काका खुशीत. “वहिनी, बन्सीचं जमलं बघा!”

गावाकडचं दुमजली घर म्हणजे काकांची पत्र्याची खोली, तुला माहीतच आहे.

त्या वर्षापासून आपलं घर कागदावर राहतं घर उरलं नाही. गोदामाची पट्टी लागली. मी कचेरीत जाऊन सांगितलं, मी तिथंच राहते, चूल तिथं आहे, अंथरूण तिथं आहे. कारकून म्हणाला, “बाई, तुमच्याच माणसानं तोंडानं सांगितलंय.” काकांना घेऊन गेले. त्यांनी सगळं खरं सांगितलं, सोयरिकीचंही. सगळी कचेरी हसली. काका खाली मान घालून उभे राहिले आणि कागद होता तसाच राहिला. पापड लाटून जमेल तेवढं मी भरत गेले. उरलेल्यावर दंड चढला, दंडावर व्याज चढलं, आणि एका दुपारी दारावर जप्तीची नोटीस चिकटवून गेले. शेजारच्या सरूबाईला ती मीच वाचून दाखवली. तुझ्या चौथीच्या पुस्तकावर मी अक्षरं शिकले, ती हे वाचायला लागतील असं वाटलं नव्हतं.

मग पेपरात आलं, की ज्याचं एकच घर आहे आणि तो स्वतः तिथं राहतो, त्याला दंड माफ, आणि ते घर लिलावात काढायचं नाही. मी ते दोनदा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी कचेरीच्या पायरीवर जाऊन बसले. साहेब बरा होता. म्हणाला, “तुमच्यासाठीच आहे हे, मावशी. पण अर्ज मालकाचा लागतो. मुंजाबांना आणा.” मी सांगितलं, ते नाहीत. “मग वारसांच्या सह्या आणा. सगळ्या.”

सगळ्या म्हणजे दोन. माझी आणि तुझी.

कोर्टाजवळच्या वकिलानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, “सात वर्षं झाली का पोराला जाऊन?” मी म्हटलं, व्हय, वर होऊन गेली. तो म्हणाला, “मग कोर्टात तसं मागता येतं. तो मयत धरावा असं. पण मागायचं तुम्हाला, अन् शपथेवर.” मी उठून चालत घरी आले. कितीतरी दिवस तिकडं फिरकले नाही. मग लिलावाची तारीख लागली.

मी खूप विचार केला, बिरू. घर गेलं तर मी सरूबाईच्या ओट्यावर पडेन, माझं काय. पण तुला या गावात दुसरं कुठलं दार ठाऊक आहे?

कोर्टात विचारलं, मुलाला शेवटचं कधी पाहिलं. मी नळाच्या पाण्यापासून सांगू लागले. वकिलानं हळूच म्हटलं, फक्त साल सांगा. मी साल सांगितलं. पुढचं वाक्य वकिलानं घटवून घेतलं होतं, तेही सांगितलं. नीट ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा सांगायला लावलं.

काम झालं. लिलाव टळला, दंड माफ झाला, कागदावर माझं नाव आलं, म्हाळसाबाई, आणि त्यापुढं ‘स्वतः राहते’. घरी येऊन मी कागद डब्यात टाकला आणि त्या दिवशी चूल पेटवली नाही.

मग भावकी जमली. काका रडले, म्हणाले, “वहिनी, तोंडानं म्हणून बसलात. आता इधी कराया पायजे, नायतर पोराचा जीव लटकून राहील.” मी नाही म्हणत राहिले आणि त्यांच्याबरोबर पैठणला गेलेही. नदीकाठी दर्भाचा आणि कणकेचा पुतळा केला, तो तू. बन्सीनं तुझ्यासाठी डोकं भादरलं. मी तुझ्याकडं पाहिलं, तर तुला तोंड केलेलं नव्हतं.

येताना टेम्पोत काका आपल्याशीच बोलल्यागत म्हणाले, म्हातारी माणसं सांगायची, अशी क्रिया झालेला माणूस चुकून जिता परत आला, तर त्याला पुढच्या उंबऱ्यातून घेत नाहीत. नव्या दारातून घेतात, नुकता जन्मल्यागत.

तू येशील असं मला आता वाटत नाही. खोटं कशाला लिहू? छाती भरून येते, रात्री उठून बसावं लागतं, मीही फार दिवसांची नाही. हे पत्र सरूबाईपाशी ठेवते आहे. कधी आलास, आणि गल्लीत कुणी म्हणालं की तुझ्या आईनंच तू मेल्याचं शपथेवर सांगितलं, तर ते खरं आहे. पण ते तुला माझ्याकडून कळावं, आणि आत कुठून यायचं तेही.

पैठणहून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी कारभारी गवंड्याला बोलावलं आणि मागच्या भिंतीत दार पाडून घेतलं.

तुझीच,
आई