सेठजींना आउट देणार

१२ जानेवारी
शिसारी आली. उरला या कारखान्यांच्या भागातले रोलिंग मिलवाले दयारामसेठ क्रिकेट लीग भरवून राहिले. कप त्यांचा, टीम त्यांची, कॅप्टन ते, ओपनरही तेच. बक्षीस चारचाकी. याला क्रिकेट म्हणायचं? रेल्वेच्या मैदानावर मी वर्षानुवर्षं अंपायर होतो. बड्या साहेबांना एलबीडब्ल्यू दिलंय. (बायको, इंदू, म्हणते, त्यांच्या बदलीची ऑर्डर आल्यावर. तो तपशील झाला.)
संकल्प: या तमाशाकडे ढुंकून पाहायचं नाही.

१५ जानेवारी
बुढापारा मोहल्ल्यातला पराग आला. लीगची व्यवस्था त्याच्याकडे. म्हणाला, अनंतकाका, अंपायरिंग करता का? नाही म्हणायला तोंड उघडलं, हो बाहेर पडलं. विचारांती पटलं, घाण आत शिरूनच साफ होते.
जाताना म्हणाला, एकच बात, काका. मालक लोकाइले पहिल्या दोन ओव्हर कोणी आउट देत नाही.
संताप! आता माझं बोट बोलेल.
इंदू म्हणाली, घरात आम्हाले दाखवता ते बोट तिथं दाखवा.

१८ जानेवारी
अंपायरचा कोट आला. पाठीवर सेठच्या सरियाची, म्हणजे लोखंडी सळ्यांची, जाहिरात. किळस. घालून पाहिला, खांद्यात चांगला बसतो.
आरशासमोर बोट वर करायचा सराव. स्नेहल, आमची पोट्टी, हिंदीतच म्हणाली, पापा, बाथरूम जाना है तो जाओ, पूछ किससे रहे हो?

२२ जानेवारी
मॅचच्या आदल्या दिवशी मालकांकडून जेवण. तीन प्रकारचं पनीर. पैशाचा नुसता माज. तिसरं बरं होतं, दोनदा घेतलं.
उद्या सेठ आउट. ठरलं.

२३ जानेवारी, संध्याकाळ
दुसऱ्याच बॉलला सेठ क्लीन बोल्ड. मधला स्टंप कीपरच्या पायाशी. मी हात आडवा केला. नो-बॉल. बॉलरचा पाय रेषेपुढे होता. निदान त्याचा स्वभाव तसा वाटला.
सेठ हसले. म्हणाले, भाऊसाहब, डंडा तो उधर पड़ा है. आणि बॅट काखेत मारून चालू पडले. पण आउट नसलेल्या बॅट्समनला परत बोलावणं हे अंपायरचं कर्तव्य. नियमच आहे. बाउंड्रीपर्यंत मागे धावलो. हात धरून आणलं. पब्लिक शिट्ट्या वाजवत होतं. नियमांबद्दल लोकांना आदरच उरला नाही.

४ फेब्रुवारी
उद्या फायनल. नागपूरचा अंपायर मागवला. पराग म्हणाला, सेठजीच बोलले काका, आउट देणारा आदमी लाओ.
माझंही ठरलंच होतं. धनदांडग्यांच्या क्रिकेटला हात लावायचा नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.
पास मागितला होता. एकच आला, इंदूच्या नावाचा. म्हणाली, पाहून येतो मी, बोट कसं वर करतात ते.