कमरेखालचं माप

३ जानेवारी २००५, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस. खोली छोटी आहे, पण खिडकीतून सगळा द्वारका चौक दिसतो आणि पायमशीन कोरं करकरीत आहे. येवल्याला चौदा वर्षं पैठणीवरचे ब्लाउज शिवले. नवऱ्याला, समाधानला, सातपूरला कंपनीत काम लागलं म्हणून आम्ही नाशिकला आलो, तेव्हा वाटलं आता घरीच बसायचं. तर थेट दवाखान्यात शिवणकाम. इथले सर पोटावरची लोंबती चरबी आणि कातडी काढायचं ऑपरेशन करतात. नंतर तीन महिने घट्ट पट्टा बांधावा लागतो. तयार पट्टे आपल्या बायकांना एकीकडे काचतात, दुसरीकडे पोकळ राहतात, म्हणून सरांनी शिवायला माणूसच ठेवलं.

नियम एकच सांगितला: टेप छातीखालून कमरेच्या हाडापर्यंत. त्याखाली आपलं काम नाही. आया विमलाबाई म्हणाल्या, सर कधी आवाज चढवत नाहीत. दुपारी दोघींनी डबा वाटून खाल्ला. बरं वाटलं.

१२ जानेवारी

आज सरुबाई आल्या. मखमलाबादकडे त्यांचा शेवंतीचा मळा आहे. पडद्याआड लुगडं सावरताना त्यांचे पाय दिसले आणि मी टेप धरून तशीच उभी राहिले. माझेच पाय. कमरेपासून घोट्यापर्यंत खांब, घोट्याशी वळी आणि खाली पाऊल मात्र लहान मुलीचं. बादलीची कड लागली तरी निळा डाग. मीही साडी वर करून दाखवली. दोघी हसत सुटलो. मला येवल्याला हत्तीरोग समजून रक्त तपासलं होतं, काही निघालं नाही. त्यांचा भात सुनेने बंद केला आहे. फुलं खुडायला उकिडवं बसता येत नाही, म्हणून त्या ऑपरेशन करून घेणार. सर म्हणाले आहेत, पोटाचा भार उतरला की पाय आपोआप हलके होतील.

४ फेब्रुवारी

सरांनी माझी चाल बघितली होती. तुमचंही करून टाकू म्हणाले, स्टाफच्याच आहात. हल्ली दोन तास मशीन चालवलं की मांड्या ठणकतात. पाय गेले तर माझं शिवण गेलं, आणि दुसरं मला काही येत नाही. अल्बम दाखवला. नुसती पोटं, आधीची आणि नंतरची, बरगडीपासून कमरेपर्यंत. कोणाला तोंड नाही, कोणाला पाय नाहीत. मला ते सभ्यपणाचं वाटलं.

समाधान म्हणाला, दहा वर्षं मी कमी खा म्हणतोय, शेवटी डॉक्टरच लागला.

१ मार्च

टाके निघाले. पोट पाटासारखं सपाट. माझा पट्टा मीच शिवला. उभं राहून खाली बघितलं तर कित्येक वर्षांनी पावलं दिसली. सरांनी पोटाचे फोटो काढून घेतले. सरुबाईंचंही छान झालं म्हणे.

२१ मार्च

नियम मोडला. डाव्या मांडीला टेप लावला. ऑपरेशनआधी घरी मोजली होती त्यापेक्षा तीन बोटं जास्त. पंधरा दिवस अर्ध्या भाकरीवर आहे. टेप आखडला असेल म्हणून दुपारी नवा आणला.

साडेतीन बोटं.

९ एप्रिल

सरुबाई तपासणीला आल्या. पोट सपाट, गाल बसलेले, बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. पाय लुगड्यात मावत नाहीत. सरांनी पोट बघून कागदावर ‘उत्तम’ लिहिलं. पायांबद्दल म्हणाले, चोरून खाणं बंद करा. बाहेर येऊन त्या माझ्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

“लय उपाशी हाय मी, बाई. वरून हाकललं, ते खाली जाऊन बसलं. मी काय जेवत नाय. तेच मला जेवतंय.”

१४ एप्रिल

भूल देणाऱ्या निकिता मॅडमनी दार लावून माझे पाय बघितले. याला लिपेडीमा म्हणतात. हा आजार आहे, खाण्याचा दोष नाही. माझ्या चाळीस वर्षांत हे पहिल्यांदा कोणी म्हणालं. मी रडले. पोट कापून पाय हलके होत नाहीत, हे त्यांनी सरांनाही सांगितलं होतं. सर म्हणाले, पेशंटला गोंधळात पाडू नका. इतक्या झपाट्याने पाय का वाढताहेत, ते मात्र मॅडमनाही सांगता आलं नाही. मांडी दाबताना त्यांनी एकदम हात मागे घेतला.

१८ एप्रिल

मॅडम आल्या नाहीत. भूल द्यायला दुसरे कोणी आलेत.

५ मे

समाधानने डब्यांना कुलपं लावली. त्याला वाटतं मी खाते. आजाराचं नाव सांगितलं तर हसला.

ताटावर बसले होते. पाय फरशीवर खालीवर होऊ लागले, मशीन चालवल्यासारखे. दाबून धरले. हाताखाली आत काहीतरी बाजूला सरकलं —

१६ मे

सरुबाई गेल्या. त्यांचा मुलगा गोरक्ष पट्टा परत द्यायला आला. शेवटी हात काटक्या झाले होते म्हणाला. बाकी अंग सकाळीच गार पडलं. पाय संध्याकाळपर्यंत गरम होते.

सरांनी सरुबाईंच्या पोटाचे फोटो अल्बममध्ये ठेवले आहेत.

३१ मे

दिशा. वय एकोणीस. स्थळं बघताहेत. तेच पाय. सरांनी मला टेबलामागे उभं केलं आणि पदर सारून पोट दाखवायला सांगितलं. तिची आई खूश झाली. दिशाने हळूच विचारलं, “काकू, पाय पण कमी झाले का?”

सर माझ्याकडे बघत होते. नोकरी गेली तर घर, समाधान आणि ती कुलपं.

मी म्हणाले, होतील.

३ जून

तिचा पट्टा शिवायला घेतला. मशीनवरून उठता येईना. विमलाबाईंनी ओढून उठवलं. म्हणाल्या, पाय केवढे तापलेत —

नवा टेपही पुरत नाही.

६ जून, सकाळ

दिशाला दहाला आत नेणार. तिला खरं सांगायचं ठरवून आले. मशीनवर जरा टेकले आणि —

पाय सुरू झाले. मी चालवत नाही. हात मोकळे आहेत म्हणून लिहिते. सुईखालचं कापड आपोआप पुढे जातंय. शिवण अगदी सरळ.

हाक मारली. मशीनच्या आवाजात कोणाला ऐकू —

पट्टा वीतभर राहिला.

स्ट्रेचरची चाकं. विमलाबाई दाराशी दिसल्या. हे पान फाडून त्यांच्या हाती —

दिशा, मी खोटं बोलले. टेबलावर चढू नकोस. पोट जातं पण ते जात नाही, ते तुझ्या