संजीवनी उर्फ मीना

मी, संजीवनी नाथा मढवी उर्फ मीना राजेश भोपी, वय वर्षे ४६, धंदा नोकरी (महाविद्यालयीन ग्रंथपाल), राहणार अंबरनाथ पश्चिम, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने, शुद्धीवर असताना, कोणाच्याही धाकाविना किंवा आग्रहाविना लिहून ठेवते. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टरांना चिंता वाटत नाही, मला थोडी वाटते. पण हा कागद चिंतेपोटी केलेला नाही. तो एका शब्दासाठी केला आहे आणि तो शब्द पहिल्याच ओळीत येऊन गेला: उर्फ.

मी शुद्धीवर असल्याचा दाखला उल्हासनगरचे डॉ. प्रेम लालवाणी यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला वार विचारला, पत्ता विचारला, मग नाव विचारले. मी म्हटले, "दोन आहेत. कोणतं सांगू?" त्यांनी पेन खाली ठेवले. "मॅडम, ऐसा बोलोगी तो मैं सर्टिफिकेट में क्या लिखूँ?" तेव्हा त्यांना जी हकीकत सांगितली तीच इथे नोंदवते. तिच्यावाचून पुढची कलमे समजणार नाहीत.

कलम १. नावांबाबत. जन्मतः, शाळेत, पदवीवर आणि नोकरीच्या दप्तरी मी संजीवनी मढवी आहे. २००६ साली सोनिवलीच्या भोपींच्या घरी माझे लग्न झाले आणि ताटातल्या तांदळात अंगठीने माझे नवे नाव लिहिले गेले: मीना. नाव सासूबाई राजाबाई यांनी निवडले. मला त्याचा राग होता, तो मी बरीच वर्षे जपला. खरे कारण साधे होते. थोरल्या जाऊबाईंचे नावही संजीवनी. राजाबाई म्हणाल्या होत्या, "हाक मारली तर दोघी धावत येतील, नायतर दोघी बसून रातील." लग्नाची नोंदणी झाली नाही. २०१५ साली फारकत झाली तीही पंचांसमोर, आणि त्या कागदावर नाव फक्त मीना. म्हणजे संजीवनी आणि मीना एकच, असे सांगणारा एकही सरकारी कागद या जगात नव्हता.

कलम २. माझ्या कामाबाबत. माझा विषय ग्रंथालयशास्त्र. एखाद्या संशोधकाचे लेख किती, ते त्याने कोणाबरोबर लिहिले आणि इतरांनी आपल्या लेखनात त्यांचा आधार किती वेळा घेतला, हे मोजणे हे माझे काम. याद्यांमध्ये तीन तीन एस. आर. पाटील एकाच नावाखाली गोळा होतात, त्यांना मी वेगळे करते. दातांच्या डॉक्टरचे श्रेय भूगोलाच्या प्राध्यापकाला गेलेले मी काढून परत दिले आहे. राजाबाईंनी ताटात जे केले तेच मी पगार घेऊन करते, हे मला चाळिशी ओलांडल्यावर सुचले.

लग्नानंतरचे लेख मी मीना भोपी या नावाने छापले. राजेशचे म्हणणे होते की छापलेल्या अक्षरांत घराचे नाव दिसले पाहिजे. मला त्यात वावगे वाटले नाही, हेही खरे. माझा सर्वांत जास्त वाचला गेलेला लेख त्याच काळातला. वेगवेगळ्या विद्याशाखांचे आकडे एका तागडीत घालू नयेत, असे त्यात मांडले आहे. पायली एकच असते. पण पायलीभर भात आणि पायलीभर मुरमुरे यांचे वजन एक नसते. रसायनवाल्याचे शंभर आधार आणि गणितवाल्याचे बारा, यांत कोण मोठा हे आकडा सांगत नाही, आधी धान्य ओळखावे लागते. हा लेख वैद्यकापासून अर्थशास्त्रापर्यंत लोकांनी वापरला. आमच्या महाविद्यालयाने त्याबद्दल सत्कारही ठेवला. सूत्रसंचालक म्हणाले, "भोपी मॅडम आज येऊ शकल्या नाहीत. त्यांच्या वतीने आपल्या ग्रंथपाल मढवी मॅडम शाल स्वीकारतील." मी उठून स्वीकारली. टाळ्या झाल्या.

कलम ३. उमाबाबत. हेच कलम मुख्य आहे. उमा देऊ हिलम ही माझी पीएचडीची विद्यार्थिनी, बारवी धरणाकडच्या वाडीवरची. कातकरी वाड्यांवर आजवर ज्यांनी लिहिले, डॉक्टर, वनस्पतिवाले, समाजशास्त्रवाले, त्या सर्वांच्या लेखांत वाडीतले कोणी सहलेखक म्हणून आहे का, हे ती मोजते. तिने माझी पायलीची पद्धत वापरली आणि प्रामाणिकपणे लिहिले, "ही पद्धत माझ्या मार्गदर्शक संजीवनी मढवी यांची." प्रबंध तपासणाऱ्या यंत्राला ते परिच्छेद मीना भोपी यांच्या लेखात सापडले. उमाने एकीचे चोरून दुसरीच्या नावावर खपवले, असा शेरा पडला आणि प्रबंध अडकला. तिने खरे लिहिले म्हणून ती चोर ठरली. मी ते पान वाचून सही केली होती. माझ्याच विषयातला हा खड्डा मला दिसला नाही, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

मी शपथपत्र दिले. विद्यापीठाच्या समितीने ते बाजूला ठेवले: मार्गदर्शकाचे हितसंबंध आहेत, दोन्ही नावांनी ओळखणाऱ्या त्रयस्थाची साक्ष आणा. आमच्या महाविद्यालयातल्या संशोधन समितीचे प्रमुख प्रा. श्यामकांत यांनी मीना भोपीबरोबर दोन लेख लिहिले आहेत. त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, दोघी आहेत तर दोघी राहू द्या ना. अहवालात आपण दोन संशोधक दाखवलेत. आता एक म्हटलं तर एक गेली कुठे, हे मी सांगू?"

"आणि उमा?"

"मुलगी हुशार आहे. दुसरा विषय घेईल."

तिच्या प्रबंधाची मुदत येत्या मार्चमध्ये संपते. त्यानंतर नव्याने नोंदणी, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. उमा रडली नाही. एवढेच म्हणाली, "मॅडम, वाडीवर आधीच लय जनांना चोर म्हनून नेलंय. मी शिकून पन तेच व्हायचं का?" मी हे वाक्य तिच्या परवानगीने इथे लिहिले आहे.

कलम ४. सोनिवलीच्या जागेबाबत. लग्नात असताना माझ्या पगारातून घेतलेला एक लहान तुकडा मीना भोपी या नावावर आहे. माझ्या वकीलबाई मीनाक्षी शेळके यांनी तो कागद पाहिला आणि मृत्युपत्राच्या मसुद्यात दोन नावांमध्ये "उर्फ" घातले. त्यांना अर्धे मिनिट लागले. जमिनीच्या कामात हा शब्द रोज चालतो. विद्येच्या कामात त्याला जागा नाही. ही जागा मी माझी भाची सुषमा हिला देते. तिने लग्नात नाव बदलू नये अशी अट मी आधी घातली होती. मग विचार केला, माझे नाव दुसऱ्यांनी ठरवले म्हणून मी तक्रार केली आणि आता तिचे मी ठरवू पाहते. अट खोडली आहे. विनंतीही नाही. फक्त सुषमा, नाव बदललेच तर त्याच दिवशी दोन्ही नावांचा कागद कर.

कलम ५. अंबरनाथचे घर, एक खोली आणि स्वयंपाकघर, माझी बहीण अंजनी हिला. पश्चिमेच्या खिडकीची कडी ढिली आहे, ती मी करून घेणार होते. घरातली पुस्तके तिने वाचनालयाला द्यावीत, रद्दीला नव्हे. अंजनी, हे तुला उद्देशून आहे.

कलम ६. आजोबांची लोखंडी पायली, लॅपटॉप आणि त्यातली सर्व आकडेवारी उमा हिलम हिला. त्यावर पुढे जे लेख होतील त्यांत पहिले नाव तिचे. माझ्या मृत्यूनंतर माझे नाव कोणत्याही नव्या लेखावर घालू नये, आदराने सुद्धा नाही. जे मी वाचलेले नाही ते माझे नाही.

कलम ७. दोन्ही नावे जोडली की मीनाने संजीवनीचा जेथे जेथे आधार घेतला ते सगळे आधार स्वतःचेच स्वतःला ठरतील. ते वजा करावेत. त्याने आधारांवरून काढला जाणारा माझा निर्देशांक खाली येईल आणि आमच्या महाविद्यालयाचाही. येऊ द्यावा.

कलम ८. सत्काराची शाल प्रा. श्यामकांत यांना. ती कोणाची हे त्यांना नक्की माहीत आहे.

कलम ९. राजाबाई भोपी यांना या मृत्युपत्रान्वये मी काहीही देत नाही. याचा कोणी गैर अर्थ काढू नये. साक्षीदाराच्या नावे काही ठेवले की लोक शंका घेतात, असा वकीलबाईंचा सल्ला आहे, आणि या कागदाच्या साक्षीदार त्या आहेत.

त्यांच्याकडे मी दहा वर्षांनी गेले. त्या ओट्यावर वाल सोलत होत्या. म्हणाल्या, "आलीस? नाव परत द्याला का मागाला?" मी उमाची गोष्ट सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतले.

"त्या पोरीन चोरला काय?"

"माझं लिहिलेलं."

"कोनाच्या नावावर केला?"

"माझ्याच."

"मंग चोर कोन, तू का मी?" आणि त्या हसल्या. मला वाटले होते त्या वाद घालतील.

राजेश आतून आला. म्हणाला, "आई, नाव आपल्या घरचं आहे. तिने जाताना सोडलंय. तू कशात पडू नकोस."

राजाबाईंनी वालाचे सूप बाजूला सरकवले. "नाव मी ठेवला. तू निस्ती अंगठी फिरवलीस. साक्ष कोन देनार मंग?"

या कागदाची प्रत माझ्या हयातीतच समितीपुढे ठेवण्यास माझी पूर्ण संमती आहे. वकीलबाईंनी राजाबाईंचे शपथपत्रही वेगळे केले आहे. तरी हा मजकूर मला इथे हवा होता. शस्त्रक्रियेतून मी उठले तर समितीपुढे स्वतः जाईन. नाही उठले तर हा कागद जाईल. मार्चच्या आत दोघींपैकी एक तिथे पोचेल.

व्यवस्थापक म्हणून वकील मीनाक्षी शेळके यांना नेमते. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, दोनदा दुरुस्त केला आणि तो मला मान्य आहे.

ठिकाण: उल्हासनगर
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार:
(सही) संजीवनी नाथा मढवी
(सही) मीना राजेश भोपी

साक्षीदार, ज्यांच्या समक्ष वरील दोन्ही सह्या एकाच हाताने झाल्या:

१. (सही) डॉ. प्रेम लालवाणी, उल्हासनगर

२. राजाबाई भोपी, राहणार सोनिवली. यांनी सांगितले तसेच लिहून घेतले व त्यांना वाचून दाखवले:
"आमचे घरात एक संजीवनी होती म्हनून हिला मी मीना केली. तवा घोटाला होऊ नये म्हनून केली. आता घोटाला झालाय तर मीच सांगते, दोन नावा हायेत, बाई एकच हाय."
(डाव्या हाताचा अंगठा)