दफादार पालवेचा जबाब

२ डिसेंबर २०२५, मंगळवार

नवी तुकडी आली. अकरा लेफ्टनंट, सगळे तेवीस-चोवीसचे. बावीस वर्षं मी रणगाड्याच्या तेलात हात घालून बसलोय, ह्यांना मिशी परवा फुटली. मी त्यांना शिकवणार – पण सॅल्यूट मी ठोकायचा.

त्यात एक मराठी निघाला. ओम सबनीस, पुण्याचा. माझ्या छातीवरचं नाव वाचून म्हणाला, "पालवे, तू कुठला?" पाथर्डीकडचा, साहेब, म्हणालो. तू! माझ्या लेकीच्या, अश्विनीच्या कॉलेजचे सर मला अहो-जाहो करतात. हिंदीत 'तुम' म्हणाला असता तर काही वाटलं नसतं, ते रोजचंच. मराठीतलं 'तू' लागलं.

४ डिसेंबर

रिव्हर्स घेताना सबनीसने दोन ड्रम आडवे केले. बरं झालं.

५ डिसेंबर

आज ग्राउंड गाईडचा धडा. ड्रायव्हरने झाकणातून डोकं बाहेर काढलं तरी जवळचं काही दिसत नाही. म्हणून समोर एक माणूस चालतो आणि हातांनी सांगतो – ये, डावीकडे, थांब. मी सांगितलं, समोर साधा सवार असो नाहीतर जनरल, हात त्याचे तर हुकूमही त्याचाच. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. सबनीसने विचारलं, "आणि गाईडच चुकला तर?" तरी थांबायचं, म्हणालो. तो हसला. संध्याकाळपर्यंत ते हसणं डोक्यातून गेलं नाही.

नायब रिसालदाराच्या बढतीचा बोर्ड जानेवारीत आहे. माझा शेवटचा. झालो तर फौजेतले लोकही मला साहेब म्हणतील. नाही झालो तर दोन वर्षांनी पेटी उचलून गावी, दफादारचा दफादार. सर्व्हिस बुकात आजवर लाल शाईचं एक अक्षर नाही. शिक्षेची एक लाल नोंद पडली की बोर्ड संपला.

९ डिसेंबर

दवाखान्यातून लिहितोय.

गाडी शेडमध्ये घ्यायची होती. सबनीस चालवत होता, मी समोर. उजवीकडचा खांब जवळ आला तसे मी दोन्ही हात वर करून फुली केली – थांब. त्याने पाहिलं. आमची नजरानजर झाली, मी शपथेवर सांगेन. तरी तो आणखी दोन हात पुढे आला. जागा आहे असं वाटलं असणार साहेबांना! खांब वाकला आणि वरचा लोखंडी अँगल माझ्या डाव्या पायावर आला. दोन हाडं मोडली. डॉक्टर म्हणतात, जुळतील.

हात शेवटपर्यंत वर होते माझे.

१० डिसेंबर

सबनीस आला, शहाळी घेऊन. मी पडल्या पडल्या ताठ झालो. जय हिंद, साहेब. त्याने स्टूल ओढलं. "पालवे, मला तुला एक सांगायचंय–" मी म्हणालो, साहेब, आपण इथं बसू नका साहेब, बरं दिसत नाही साहेब. दर वाक्याला साहेब. असा मान दिला की समोरच्याला बोलायला जागाच उरत नाही. एवढं मी बावीस वर्षांत शिकलोय. दोन मिनिटं उभा राहिला आणि गेला. बरं वाटलं.

११ डिसेंबर

बायकोचा, सविताचा फोन. "पायाचं हुईल बरं. बोर्डाचं काय हुईल?"

१३ डिसेंबर

रिसालदार औटीसाहेब आले. पारनेरचे. रेजिमेंटमध्ये मला त्यांनीच हाताला धरून वर आणलं. दार लावून घेतलं.

"बजरंग, चौकशी बसलीया. पोरगा काय लिहिनार? गाईडनं हात उशिरा दावला, आसंच. कंचा अफसर सोताच्या अंगावर घेतो? आन त्याच्यापुढं तुजं कोन ऐकनार? वर तूच खोटा ठरशील, लाल शाई पडंल, बोर्ड गेला. त्यापरीस आपनहून लिही, हात उशिरा झाला. समज देऊन सोडत्याल. मी बोलतो वर."

मी म्हणालो, साहेब, त्याने माझ्याकडे बघितलं होतं.

"बघितलं आसंल. लिहिनार न्हाई."

त्यांचंही खोटं नव्हतं. मलाही तसंच वाटत होतं.

१४ डिसेंबर

सही केली. 'थांबण्याचा इशारा देण्यास माझ्याकडून उशीर झाला.' एका झटक्यात केली, ह्याचाच राग येतोय.

बाप ऊसतोडीला जायचा. मुकादमापुढे मान खाली घालून हो हो करायचा, चूक कोणाचीही असो. ते बघवायचं नाही म्हणून मी भरती झालो. आज मी तेच केलं, फक्त वर्दी घालून. आणि तो सबनीस उद्या कॅप्टन होईल, परवा मेजर. माझा पाय मोडला हे त्याला आठवणारही नाही. मनापासून तिटकारा आलाय त्याचा.

१७ डिसेंबर

औटीसाहेब म्हणाले, काळजी करू नको. झोपलो.

२० डिसेंबर

चौकशीला बोलावलं. कुबड्या घेऊन उभा राहिलो. मेजरसाहेबांनी टेबलावर दोन जबाब शेजारी शेजारी ठेवले. एक माझा. दुसरा लेफ्टनंट सबनीसचा, तारीख नऊ डिसेंबर – अपघात झाला त्याच दिवसाची. 'दफादाराने वेळेवर थांबण्याचा इशारा दिला. मी तो पाहिला, तरी गाडी पुढे घेतली. चूक सर्वस्वी माझी.'

मेजरसाहेबांनी विचारलं, "लेफ्टनंटने खरं लिहिलं. मग तू खोटं कोणासाठी लिहिलंस?" सबनीस बाजूलाच उभा होता. माझ्याकडे बघत नव्हता. शहाळी घेऊन आला तेव्हा हेच सांगायचं होतं त्याला.

खोट्या जबाबाबद्दल माझ्या नावावर लाल शाई पडणार. आणि ती बरोबर आहे.