भांगेचे दिवस

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
९ जानेवारी २०२६

ती. दादास,
वसूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर का झाला ते पुढे येईलच, आधी तुझे कान. तुझ्या शार्दूलने आमच्या सूनबाईंना फोनवर सांगितलं की तू नवं यंत्र परत डबीत घालून ठेवलंस, कारण त्यातून भांडी घासल्याचे आवाज येतात. अरे, आवाज येतो म्हणजेच यंत्र चालतंय. पण तुझ्या त्या हट्टापायी माझी पत्र लिहायची सवय टिकली आहे, म्हणून फार बोलत नाही.

उशिराचं कारण म्हणजे गोदूबाई. तू इथे आलास की जिच्याकडचा जिताडा खाऊन दोन दिवस गुण गात बसतोस, तीच. सव्वीस वर्षं आमच्या नाक्यावर बसते. नवरा काळूराम खाडीत जाळं लावतो आणि त्यात जे येईल तेवढंच ही विकते. बर्फातली मासळी आणून विकायला सांगितलं तर नाक मुरडते. आता नाक्यावरच्या सगळ्या मासळीवाल्यांना उठवून नव्या बाजारात ओटे द्यायचे ठरलेत. नोव्हेंबरात पाहणी झाली, गेल्या आठवड्यात यादी लागली आणि यादीत गोदूबाईचं नाव नाही. ओटा नाही म्हणजे यापुढे नाक्यावरही बसता येणार नाही. हरकतीची मुदत २८ फेब्रुवारी.

कार्यालयात ती तीन खेपा घालून आली. (कुठलं कार्यालय ते लिहीत नाही, तू लगेच जुन्या ओळखी काढशील.) तिथला कारकून म्हणाला की तुमच्या पाहणीच्या तक्त्यावर शेरा आहे. कसला शेरा विचारलं, तर तो म्हणे कार्यालयीन कागद, दाखवता येत नाही. वर हेही ऐकवलं की आता वैयक्तिक माहिती कोणाला द्यायची नाही असा कायदा आलाय. गोदूबाई माझ्या दारात टोपली उतरवून म्हणाली की कागद माजा, नाव माजं, मंग मनाच का नाय दावीत. आधी मला हसू आलं, मग राग आला. आपल्याबद्दल काय लिहिलंय तेच ठाऊक नसेल तर माणसाने हरकत घ्यायची तरी कशावर?

तू चौतीस वर्षं कचेरीत काढलीस. मार्ग सांग. आणि प्रस्तावना न लिहिता सांग.

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी लोभ आटू देऊ नकोस, ही वि.

तुझी,
वसू


सातारा
१५ जानेवारी २०२६

चि. वसूस,
दादाचे अ. उ. आ.

कालच्या संक्रांतीचा तिळगूळ मनाने घे. गोड बोलायचं मात्र तुला या जन्मी जमेलसं वाटत नाही.

खरं सांगतो, तुझं पत्र वाचून मी आधी लिहिलं होतं की हा नाद सोड, कार्यालयाच्या कागदात पडू नये. मग ते फाडून टाकलं. टेबलापलीकडे बसून हेच वाक्य मी शेकडो लोकांना ऐकवलंय. तेव्हा त्याला मी शिस्त म्हणायचो. वसू, ती शिस्तबिस्त काही नव्हती. उठून कपाट उघडायचा कंटाळा होता आणि समोरचा माणूस परत जातोय याचं थोडं सुखही होतं. या वयात लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

आता मार्ग. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज द्या. अर्ज गोदूबाईच्या नावाने, सही तिची. तू नुसता मसुदा लिहून दे, पुढे पुढे करू नकोस. नक्कल तर मागाच, पण अभिलेखाचं अवलोकनही मागा. म्हणजे मूळ कागद समोर ठेवून डोळ्यांनी बघता येतो. ओळखपत्र जोडा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय जिना उतरू नका. वैयक्तिक माहितीचं कुलूप परक्यासाठी असतं, घरमालकाला बाहेर ठेवायला नसतं. आपली माहिती आपण मागतोय, असं अर्जात ठळक लिही. मात्र दुसऱ्या कोणाच्या तक्त्यात नाक खुपसू नका. तिथे ते नाही म्हणतील आणि ते रास्तच असेल.

उत्तराला तीस दिवस लागतील. आज-उद्या अर्ज गेला तर मुदतीत बसेल.

कानाचं यंत्र घातलंय. भांडी घासली जातायत. आशीर्वाद आहेतच, पोच धाडत जा.

तुझा,
दादा


खांदा कॉलनी
१८ फेब्रुवारी २०२६

ती. दादास,
वसूचा सा. न. वि. वि.

परवा सोमवारी कागद पाहिला. सगळं क्रमाने सांगते, मधे पानं उलटू नकोस.

अर्ज वीस जानेवारीला दिला. कारकुनाने पोच द्यायला टाळाटाळ केली, तेव्हा गोदूबाई त्याच्या टेबलासमोर फतकल मारून बसली. टोपली शेजारी ठेवली होती आणि ती काही रिकामी नव्हती. दहा मिनिटांत शिक्का मिळाला. मग महिना सरत आला तेव्हा अवलोकनाला बोलावणं आलं.

तिथल्या अधिकारी मनिषा मॅडम, वय फार तर तीस, मूळच्या लातूरच्या. बाई सरळ वाटली. त्यांनी तक्ता काढून गोदूबाईपुढे ठेवला. मी चष्मा लावायच्या आत गोदूबाई मला म्हणाली की बाई, तुमी बसा, मॅडमनाच वाचू दे. मी बसले. आयुष्यभर वर्गाला गप्प बसवलं आणि परवा मला एका कोळणीने बसवलं.

शेरा असा होता: तीन दिवस सकाळी अकरा वाजता भेट दिली, जागेवर आढळल्या नाहीत, व्यवसाय बंद केल्याचे दिसते. शेजारी तारखा होत्या, १२, १३ आणि १४ नोव्हेंबर. मला वाटलं आता संपलं, तीन वेळा नव्हती म्हणजे नव्हती. पण गोदूबाई म्हणाली की तारखा ऱ्हाऊ द्या, तिथी सांगा. मॅडम गोंधळल्या. गोदूबाईच्या सांगण्यावरून त्यांनी मोबाइलवर पंचांग काढलं. कार्तिक वद्य अष्टमी, नवमी, दशमी.

मग ती जे बोलली ते मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवलंय. ती म्हणाली की मॅडम, ही भांग हाय. अमावास्या-पुनवेला उधाण, तवा पाण्याला जोर आणि जाळ्यात मासळी. अष्टमी-दशमीला भांग, पाणी मेलेलं, जाळं रिकामं. माजी मासळी बर्फातली नाय, खाडीतली हाय. भांगेला मी बसनार काय घेऊन? आणि उधानाला तरी अकराला कशी घावेन, भरती रोज पुढं सरकते, तशी मीबी सरकते. तुमचा मानूस आला तवा मी घरी जाळं शिवत होते. धंदा बंद नवता, खाडी बंद होती.

दादा, सव्वीस वर्षं मी तिच्याकडून मासे घेते. काही दिवस ती येत नाही हे मला माहीत होतं. का येत नाही, हे एकदाही विचारलं नव्हतं. शाळेत भरती-ओहोटी शिकवणारी मी. मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि तेवढीच स्वतःची लाज वाटली.

मॅडमनी तिचा जबाब हरकत म्हणून लिहून घेतला. मग गोदूबाईने विचारलं की असा शेरा आणि कोनाकोनावर हाय. मॅडम म्हणाल्या की दुसऱ्यांचे तक्ते तुम्हाला दाखवता येणार नाहीत. मला वाटलं, आता ही भडकणार. पण ती म्हणाली की बरोबर हाय, त्यांचा कागद त्यांचा. त्यांना घेऊन येते. मॅडमनी सांगितलं की अर्ज आणि ओळखपत्र आणा, सोमवारी त्याच दिवशी दाखवते. गोदूबाई धरून कोळीवाड्यातल्या अकरा जणींची नावं यादीत नाहीत. आता ही दारोदार फिरतेय.

सोमवारी काय होतं ते कळवीन. तोवर लोभ जप, तब्येत त्याहून जप.

तुझी,
वसू


सातारा
२१ फेब्रुवारी २०२६

चि. वसूस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं, मग तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. चौतीस वर्षांत माझ्या टेबलासमोर कोणी तिथी विचारली नाही. खरं तर मी कोणाला तेवढं बोलूच दिलं नाही. गोदूबाईला माझा नमस्कार सांग, मोठ्या माणसाला सांगतात तसा.

पण फार आशा धरू नकोस. अकरा जणी येणार नाहीत. एकीचा दिवस बुडेल, दुसरीचा नवरा नको म्हणेल, तिसरी जिन्याखालूनच परत जाईल. हे मी पाहिलंय. तीन आल्या तरी खूप समज.

सोमवारच्या आत पोचावं म्हणून हे पत्र शार्दूलच्या हाती धाडतोय. निरोपाची वाट पाहतो. आशीर्वाद.

दादा


कोळीवाडा, पनवेल
१७ मार्च २०२६

वसुंधराबाईंचे दादा, यांना गोदूबाई काळूराम कोळी हिचा रामराम.

मी तिची नात निशा. आजी सांगते तसं लिहितेय. शब्द बदलायचा नाही अशी ताकीद आहे.

दादा, तुमी लिवलं का अकरा येनार नाय. बाईंनी मना वाचून दावलं. मना राग आला. घरी येऊन आमच्या समद्यांना सांगितलं का सातारचं एक मोठं मानूस बोलतंय तुमी येनार नाय. मंग काय, कोन घरी ऱ्हाते?

सोमवारी चौदा आल्या. अकरा नाय, चौदा. येकीनंबी दुसरीचा कागद मागला नाय. येकेक आत गेली, आपलं नाव सांगितलं, आपला कागद बघितला. यादीत नाव नाय त्या अकराजनींवर तोच शेरा, तेच भांगेचे दिवस. वरच्या तिघींची नावं यादीत हायती. कारकून त्यांना बोलला का तुमाला ओटा भेटलाय, तुमी कशाला आल्याव. त्यातली मोनाली, माज्या दिराची सून, ती बोलली का आमच्याबद्दल काय लिवलंय ते आमाला ठावं पायजे. तो उठला आणि कपाट उघडलं.

मॅडमनी समद्यांची हरकत लिवून घेतली आणि बोलल्या का पुन्ना पाहनी करते, होळी पुनवेला येते. मी बोलली मॅडम, शिमग्याला कोळीन नाचंल का मासळी विकंल? वद्य तृतीयेला या, पान्याला जोर असतो, आणि भरती इचारून या. त्यांनी कागदावर तसंच लिवलं. सहा तारखेला त्या सोताच आल्या. आमी अकराबी बसलेल्या. माज्या टोपलीत जिताडा होता, बोयटी होती, मॅडमना हात लावून बघायला दिला.

त्यांनी जागेवरच तक्ता भरला. मी बोलली वाचून दावा. त्यांनी वाचलं का व्यवसाय चालू, भांगेचे दिवस वगळून. मी बोलली पुन्ना वाचा, जोरात वाचा, पलीकडच्यांना आयकू जाऊ दे. त्यांनी वाचलं. माजा म्हातारा काळूराम जाळं सोडून बघायला आलेला, तो रडला. मी नाय रडली. गिऱ्हाईक उभं होतं.

अकराच्या अकरांना ओटे भेटले. आता पलीकडच्या गावच्या बायका येतान, इचारतान का गोदूबाय, कोनाच्या पाया पडलीस. मी सांगते का पाया नाय पडलो. कागद मागला आणि बघितला.

तुमी बी या. ओट्यावर या, भांग सोडून कदी बी या. माया असू द्या.

गोदूबाई
(लिहिणार निशा)