आठही पिस्टन नवे

प्रिय मिलिंद,

आज ग्रॅहमचा फोन आला, म्हणून लिहायला बसले. तुझ्या त्या इंजिनच्या सिलिंडरचं काम करणारा म्हातारा ग्रॅहम. ख्रिसमसला तो वर्कशॉप कायमचं बंद करतोय. नवे पिस्टन कुठले मागवायचे ते उद्या सकाळपर्यंत सांग म्हणाला, तरच इंजिन जोडून गाडीत बसवून देईन, नाहीतर आहे तसं परत घेऊन जा. आता हे मी ठरवायचं? मी हॉस्पिटलात फार्मसिस्ट. मला गोळ्या कळतात, पिस्टन नाही!

तू असतास तर हा प्रश्नच आला नसता, असंही म्हणवत नाही. तू असतानाच तो लोंबकळत होता. सत्तरच्या दशकातली ती आठ सिलिंडरची ऑस्ट्रेलियन व्ही-एट गाडी तू रोटोटुनाच्या आपल्या घरच्या गॅरेजात आणलीस, हौसेनं इंजिन उघडलंस, आणि एका पिस्टनवर ओरखडे दिसले. एकाच! झालं. "बाकीचे सात चांगले आहेत गं, चांगली वस्तू टाकायची कशाला?" अस्सल पुणेरी! ग्रॅहमनं किती समजावलं, की आठही सिलिंडर झिजलेत, सगळे घासून मोठे करावे लागतील, मग जुने पिस्टन त्यात सैल होतील. ऐकलंस? रोज संध्याकाळी डायल-अप इंटरनेट लावून जुन्या मापाचा एक पिस्टन शोधत बसायचास आणि घरचा फोन एंगेज. किराणा आणायला ऑकलंडला सँड्रिंगहॅमच्या इंडियन दुकानांत गेलो, तरी येताना एखादं भंगारचं यार्ड ठरलेलं. मी आणि आपली इरा डाळींच्या पिशव्या सांभाळत गाडीत बसून राहायचो.

छातीत दुखायला लागलं तेव्हाही तुझं तेच. "काही नाही गं, जरा गॅस झालाय." अरे, मी रोज लोकांना हार्टची औषधं देते! घरात मात्र माझं कोण ऐकतंय? त्याचा राग मला अजून येतो. भांडायला तू नाहीस, म्हणून जास्तच येतो.

ते सात पिस्टन गॅरेजातल्या फळीवर अजून आहेत. रॉकेलनं घासून, जुन्या बनियनच्या फडक्यात गुंडाळलेले. मघाशी एक उघडून पाहिला. काय चकचकीत ठेवलायस रे! तुझा हात फिरलाय त्यावरून, तो मी भंगारात कसा देऊ? इरा दारात उभी होती. म्हणाली, "मम, जस्ट पिक समथिंग. डॅड वुड हॅव हेटेड धिस." आणि माझ्या गळ्यात पडून रडली. फ्युनरलला एक टिपूस काढलं नव्हतं पोरीनं.

फोनवर ग्रॅहम शांतपणे समजावत होता. पिस्टन दोन तऱ्हेचे. फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले, घेतलेस तर एकदम दणकट, रेसिंगलाही चालतील, पण इंजिन थंड असताना खडखड करतात. साधे ओतीव घेतलेस तर आवाज कमी, रोजच्या वापराला उत्तम. आणि पिस्टन हातात आले की ते मोजून मगच तो सिलिंडरला हात लावतो, आधी नाही. म्हणून घाई. शेवटी त्यानं विचारलं, "सो, हू'ज गोइंग टु बी ड्रायव्हिंग इट?"

आणि मी म्हणाले, "माय हजबंड."

मिलिंद, तोंडातून गेलंच रे! तो तुझ्या फ्युनरलला आला होता, टाय लावून मागच्या रांगेत उभा होता. पण फोनवर एवढंच म्हणाला, "नो वरीज, लव्ह. रिंग मी इन द मॉर्निंग." फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात खालीच बसले. इतके महिने शहाण्यासारखी वागले. बँकेत, इराच्या शाळेत, सगळीकडे 'माझे मिस्टर गेले' असं नीट सांगून आले. आणि पिस्टनच्या प्रश्नाला तू जिवंत होतास!

तर आता ठरवलंय. ओतीव, आणि आठही नवे. नवे घ्यायचेच तर तुला फोर्ज्ड हवे असते, माहितीये मला. पण तू चालवणार नाहीयेस. गाडी मी चालवणार. लिहिलं एकदाचं. तुझे सात मी टाकणार नाही, काळजी नको. तेवढी पुणेरी मीही आहे.

ग्रॅहमनं आणखी एक बजावलंय. नवं बांधलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की लगेच बंद करायचं नाही. चांगली वीसेक मिनिटं जोरात चालू ठेवायचं, नाहीतर आतले भाग एकमेकांशी जुळत नाहीत आणि सगळी मेहनत पाण्यात. तो आवाज ऐकायला तू किती तळमळलास! आणि ऐकणार मी. रडू येईल मला, खूप येईल. पण तुला शब्द देते, बंद करणार नाही.

तुझीच,
वैशू