दोन अक्षरं

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार,

मी बरा आहे. खोकला गेला, जेवण वेळेवर मिळतं. तुझा गुडघा कसा आहे? दाजी औषध घेतात की अजून लपवतात?

पाळी सुटल्यावर धुलाईखात्यातल्या चौघांना मी वाचायला शिकवतो, हे मागे लिहिलंच होतं. अक्षराचा आवाज ओळखायचा, मग आवाजाला आवाज जोडून शब्द करायचा. त्यातला कपडे उकळणारा भट्टीवाला म्हणायचा, "मास्तर, एकेकटी अक्षरं गुणाची आहेत हो, एकत्र आली की जावांसारखी भांडतात."

पूर्वी तो भट्टीत टाकायच्या पावडरींचा प्रत्येक डबा कुणाला तरी विचारून उघडायचा. थोडं वाचता येऊ लागल्यावर त्याला विचारायची लाज वाटू लागली. सोमवारी त्यानं डब्यावरचा पहिला 'स' पाहिला, पुढचं अंदाजानं धरलं आणि साबण समजून जहाल सोडा उकळत्या पाण्यात ओतला. तो उसळून डोळ्यांत गेला. नजर परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझं काम दुसऱ्या खात्यात आहे, तू काळजी करू नकोस.

काल त्याला इस्पितळात भेटलो. मनात देवाचं नाव घेत त्याच्याजवळ बसलो. त्यानंच तळहात पुढे केला. "डब्यावर काय होतं ते इथं काढा."

मी बोटानं दोन्ही अक्षरं गिरवली. त्यानं सावकाश आवाज जोडले आणि शेवटपर्यंत बरोबर वाचलं. मग मूठ मिटून तो भिंतीकडे वळला.

ताई, बाकीचे तिघं आत्ता येऊन बसलेत. खडू उचलायचं बळ मला मिळावं, एवढं देवापाशी माग.

तुझा
धाकटा